चपलांच्या रांगेतलं गणित

जूनमध्ये शाळा-अंगणवाड्या सुरू झाल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा ढीग वाढतो, आणि या वर्षी तर निम्मी पत्रं एकाच काळजीची होती, की मुलं नुसती खेळतायत, शिकणार कधी. मी तीसेक वर्षं बालवाडीत मुलांबरोबर जमिनीवर बसून काढलीयत आणि आता नवीन ताईंना शिकवते, त्यामुळे ही काळजी मला नवीन नाही, पण दर वर्षी ती एक-एक वर्षाने लहान मुलांपर्यंत सरकतेय हे बघून वाईट वाटतं. म्हणून पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिलीय.

प्रश्न: ताई, मी नाशिक जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. गावात आता इंग्लिश मिडियमची नर्सरी निघालीय, तिथे साडेतीन वर्षांची पोरं वहीत एबीसीडी आणि वन टू फिफ्टी लिहितात. माझ्याकडचे पालक म्हणतात तुमच्याकडे नुसतं खेळवतात आणि खिचडी देतात. चार मुलं काढून पण नेली. मी पण आता पाटी-पेन्सिल देऊन लिहायला बसवू का?

नको गं, बसवू नकोस. तुझी अडचण मला कळते, मुलं कमी झाली की वरून विचारणा होते आणि गावात मान खाली घालायची वेळ येते ती वेगळीच. पण आधी हाताचं बघू.

मोठ्या माणसाच्या मनगटात ८ छोटी छोटी हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर त्यात साधारण तीनच दिसतात, बाकीची अजून कूर्चा असते, मऊ, आणि ती एकेक करत पुढची सहा-सात वर्षं तयार होत राहतात. बोटांचे बारीक स्नायूही तसेच, अजून कच्चे. अशा हातात पेन्सिल दिली की मूल ती मुठीत धरतं, खांद्यापासून जोर लावतं, पान फाटतं, हात दुखतो, मग बाई हात धरून गिरवून घेतात आणि आई म्हणते बघा माझा मुलगा अ लिहितो. तो लिहीत नसतो गं, त्याचा हात कुणीतरी फिरवत असतं. आणि यातली काही मुलं पहिलीत जाईपर्यंत वही बघितली की रडायला लागतात, मी बघितलीयत अशी मुलं.

लिहायला काय लागतं ते सुटं सुटं करून बघ. चिमटीत जोर लागतो, मनगट वळावं लागतं, एका हाताने धरून दुसऱ्याने काम करता यावं लागतं, डोळा आणि हात जोडीने चालावे लागतात. आता तुझ्या गावात हे सगळं कुठे मिळतं ते शोध. मटार सोलणं, गवारीच्या शेंगा मोडणं, मेथी निवडणं, कणकेच्या गोळ्या वळणं, ओला फडका पिळणं, दोरीवर कपड्याचे चिमटे लावणं आणि काढणं, जुनी वर्तमानपत्रं फाडून त्याचे लांब पट्टे करणं. चिमटे तर माझे फार लाडके, दहा रंगीत चिमटे आणि एक पुठ्ठा एवढ्यात चार वर्षांचं मूल वीस मिनिटं रमतं आणि त्याच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला जो व्यायाम होतो तो गिरवण्याने होत नाही.

आणि एक कर, फळा खाली घे. म्हणजे मुलाच्या छातीएवढ्या उंचीवर भिंतीचा एक पट्टा काळा रंगव किंवा अंगणातली फरशी वापर. उभ्या भिंतीवर काढताना मनगट आपोआप मागे वळतं, जसं लिहिताना वळायला हवं तसं. खडू द्यायचा असेल तर तुकडा करून दे, एवढासा, मग तो मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. ही युक्ती मला माझ्या पहिल्या नोकरीतल्या एका जुन्या बाईंनी शिकवली होती, मी ती शेकडो ताईंना सांगितलीय. पावसाळ्यात नाही पण थंडीत, उन्हाळ्यात एक डबा पाणी आणि रंगाचा जुना ब्रश देऊन भिंत 'रंगवायला' सांग, काही सांडत नाही, काही खराब होत नाही आणि वाळलं की परत सुरू.

पाच वर्षांच्या आसपास मूल स्वतःच चित्राखाली रेघोट्या मारून म्हणतं 'मी नाव लिवलं'. तेव्हा त्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहून दे. अक्षरं अ-आ-इ च्याच क्रमाने यायला हवीत असं काही नाही, आपल्याकडे ग म भ न हा क्रम रूढ आहे तो उगाच नाही, अ पेक्षा ग आणि न चं वळण सोपं. पण त्याही आधी आवाज. 'म ने सुरू होणारं काय काय दिसतंय?' मडकं, मांजर, मावशी. हा खेळ खिचडी शिजेपर्यंत खेळता येतो, त्याला काहीच सामान लागत नाही.

आता पालकांचं. त्यांना 'खेळातून शिक्षण' असं सांगून पटत नाही, त्यांनी ते शब्द ऐकून ऐकून सोडून दिलेत. त्यांना दाखव. महिन्यातून एकदा आयांना बोलव, तासभरच, आणि चिमटे, मटार, कणीक समोर ठेवून मुलांना काम करू दे, आणि बाजूला उभी राहून आईला हळूच सांग की बघ, जून महिन्यात याला चिमटा दाबता येत नव्हता, आज सलग आठ लावले. दारावर रोज खडूने एक ओळ लिही, 'आज आम्ही शेंगा मोजल्या, लहान-मोठ्या वेगळ्या केल्या'. न्यायला येणारी आजी कुणाकडून तरी वाचून घेते आणि घरी जाऊन विचारते. आणि कुणी फारच भांडायला आलं तर सांग की २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच टप्पा धरलाय, आणि त्यावरून ऑक्टोबर २०२२ मध्ये जो पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा आला त्यात ३ ते ६ वर्षांच्या मुलांना ठरवलेलं पाठ्यपुस्तकच नको असं स्पष्ट म्हटलंय. तुझ्याकडे चाललंय ते मागासलेलं नाही, सरकारच्या कागदावर तेच बरोबर आहे.

गेलेली चार मुलं परत येतील का ते मी सांगू शकत नाही. पण आहेत त्यांचे हात तू बिघडवू नकोस.

प्रश्न: माझ्याकडे एकच खोली, तीन ते सहा वयाची २६ मुलं, मदतनीस ताई स्वयंपाकात, आणि मला फोनवर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर माहिती भरायची असते ती वेगळीच. लहानांकडे बघावं तर मोठी मारामारी करतात. ॲक्टिव्हिटी घ्यायला वेळच उरत नाही. काय करू?

ॲक्टिव्हिटी वेगळी घ्यायचीच कशाला? दिवसभरात जी कामं होतातच ती मुलांच्या हातात द्या, तुमचा अर्धा वेळ तिथेच सुटेल.

चपलांपासून सुरू करा. २६ मुलं म्हणजे दाराशी ५२ चपला, आणि आत्ता त्या दाराशी कशाही पडलेल्या असणार. खडूने जमिनीवर एक लांब रेघ मारा आणि सांगा जोडी लावायची. डावी-उजवी ओळखणं झालं, सारखं-वेगळं झालं, लहान-मोठं झालं. पुढच्या आठवड्यात मोठ्या मुलांना सांगा की आधी सगळ्यात छोटी चपल, मग त्याहून मोठी. मग एक दिवस विचारा की लाल पट्ट्याच्या किती. मग एखाद्या दिवशी एकच चपल जास्त निघते, तिची जोडी सापडत नाही, आणि सगळी खोली शोधायला निघते, त्या दिवशी विषम म्हणजे काय हे शब्द न वापरता कळलेलं असतं. शाळेत जे गणित नंतर येतं त्याची मुळं इथे आहेत, आणि तुम्हाला फक्त रेघ मारायचीय.

हजेरीही त्यांनीच लावायची. पुठ्ठ्याचे २६ तुकडे करा, प्रत्येकावर एक चित्र, मासा, सूर्य, छत्री, कोंबडा, आणि मागे मुलाचं नाव. आलं की आपला पुठ्ठा खिळ्याला लावायचा. उरलेले पुठ्ठे म्हणजे न आलेली मुलं. 'आज मासा का आला नाही?' यावर जी चर्चा होते ती भाषेचा तास समजा, ताप आला, मामाकडे गेला, रात्री भांडण झालं, सगळं बाहेर येतं. आणि दोन-तीन महिन्यांनी मोठी मुलं पुठ्ठ्यामागचं नाव वाचायला लागतात, कुणी न शिकवता.

मग खाऊ. ताटल्या मोठ्या मुलांनी वाटायच्या, एकाला एक, एकाला एक. कमी पडली तर 'अजून किती आणू?' हा प्रश्न त्यालाच विचारा आणि उत्तर चुकलं तरी आणू द्या, परत जाऊ दे. स्वयंपाकघरात गरम भांड्याजवळ मात्र कुणीच नाही, यात सूट नको. हात धुताना रांगेत थांबणं नेहमीच अवघड, तिथे एक गाणं ठेवा, तेवढं गाणं संपेपर्यंत साबण चोळायचा.

राहिलेल्या वेळात चार कोपरे करा, एकात कणीक किंवा माती, एकात ठोकळे आणि डबे, एकात भातुकली आणि जुने कपडे, एकात चित्रांची पुस्तकं. कणीक रोज नवी नको, दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल, चिमूटभर हळद आणि लागेल तसं पाणी, मिठामुळे ती डब्यात चांगली टिकते. एका कोपऱ्यात पाच-सहा मुलं, मोठी आणि लहान मिसळून. सहा वर्षांची मुलगी तीन वर्षांच्याला बटण लावून देते तेव्हा दोघंही शिकतात आणि तुमचे हात मोकळे राहतात. तुम्ही एका कोपऱ्यात बसा, रोज वेगळ्या. फोनवरची माहिती मुलं गेल्यावर भरा, ती असताना मान खाली असली की मारामाऱ्या वाढतात हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

आणि साधनं नाहीत म्हणून कमीपणा मानू नका. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा माँटेसरीची परदेशी साधनं परवडणारीच नव्हती, म्हणून त्यांनी आणि अनुताई वाघांनी बिया, पानं, शिंपले, माती, गावात जे मिळतं त्यातून साधनं केली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, असा तो विचार. पुढे त्या कोसबाडला गेल्या आणि गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातसुद्धा शाळा भरली. सरकारच्या अंगणवाड्या ज्यातून आल्या ती एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली ती २ ऑक्टोबर १९७५ ला, बोर्डीनंतर तीस वर्षांनी. तुमच्या दारावरच्या पाटीवर 'अंगणवाडी' हा शब्द आहे ना, त्यामागे हे अंगण आहे.

प्रश्न: मी पुण्यात सोसायटीच्या हॉलमध्ये प्लेग्रुप चालवते, दीड ते अडीच वर्षांची ९ मुलं आहेत. सर्कल टाईमला कुणी बसत नाही, खेळणी हिसकावतात, एक मुलगा चावतो. पालकांच्या ग्रुपवर रोज तक्रारी. मी कुठे चुकतेय?

तुम्ही फार चुकत नाही आहात, वय चुकीचं धरलंय एवढंच. दोन वर्षांची मुलं एकत्र खेळत नाहीत, शेजारी शेजारी खेळतात. गोल करून पंधरा मिनिटं बसणं हे त्यांचं काम नाही. तुम्ही खाली बसा, गाणं सुरू करा, जे येतील ते येतील, जे येणार नाहीत ते लांबून ऐकत असतात आणि घरी जाऊन तेच गाणं म्हणतात, त्यांच्या आया सांगतील तुम्हाला.

'शेअर कर' हे वाक्य महिनाभर बंद करून बघा. माझं म्हणजे काय हेच अजून नीट कळायचं असतं, ते कळल्याशिवाय देणं कसं येणार. त्यापेक्षा एकसारख्या दोन-तीन वस्तू ठेवा, तीन लाल बादल्या, तीन पळ्या. महागडं एकच खेळणं ठेवलं की भांडण होणारच.

चावणाऱ्या मुलाचं. शब्द कमी असलेलं मूल चावतं, दात येत असलेलं चावतं, झोप झाली नसेल तर चावतं, गर्दीत दबलं की चावतं. दोन आठवडे वहीत लिहून ठेवा, कधी, कुठे, कुणाला, त्याआधी काय झालं. बहुतेक वेळा एक ठरावीक वेळ सापडते, जसं जेवणाआधीचा अर्धा तास. त्या वेळी त्याच्याजवळ राहा, तोंड पुढे आलं की मध्ये हात घाला आणि छोटं वाक्य, 'चावायचं नाही, दुखतं. दे म्हण.' आणि आधी ज्याला लागलंय त्याला जवळ घ्या. परत त्याला चावून दाखवणं, तोंडावर मारणं, 'चावरा' म्हणून हाक मारणं यातलं काहीही कुणी करणार नाही हे तुमच्या मदतनीसांना पण सांगा आणि ग्रुपवर त्या मुलाचं नाव कधीच येऊ देऊ नका.

या वयाला द्यायचं काय तर ओतणं, भरणं, रिकामं करणं, ढकलणं, चढणं. परातीत थोडं पाणी आणि दोन पेले. डब्यात झाकणं टाकायची आणि ओतायची, मोठी झाकणं, तळहाताएवढी. ढोबळ्या मिरच्या, वांगी, काकड्या टोपलीत भरून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायच्या, हे काम त्यांना इतकं आवडतं की विचारू नका. मळलेली साधी पोळीची कणीक द्या, वर सांगितलेली मिठाची नको, कारण ही मुलं खाऊन बघतातच आणि एवढं मीठ पोटात जाणं बरं नाही.

आणि हे ठळक लिहून भिंतीवर लावा: तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या खोलीत चिंचोके, मणी, गोट्या, शेंगदाणे, फुटाणे, बटणं, छोटे सेल काही नको. तोंडात मावतं ते घशात अडकू शकतं. बटणासारखे चपटे सेल तर गिळले की काही तासांत अन्ननलिका जाळतात, तसा संशय जरी आला तरी थेट हॉस्पिटल गाठायचं. पाण्याचा खेळ संपला की परात आणि बादली लगेच पालथी, मूल अगदी उथळ पाण्यातही बुडू शकतं, आवाज न करता.

प्रश्न: माझा मुलगा चार वर्षांचा, सगळं डाव्या हाताने करतो. बालवाडीतल्या बाई म्हणतात आत्ताच सवय बदला. काय करावं? (एक बाबा, सातारा)

बदलू नका. हाताची ही आवड मेंदूतून येते, वळण लावून ती जात नाही, नुसती ओढाताण होते. बाईंना नम्रपणे सांगा की त्याला बाकावर डाव्या टोकाला बसवा म्हणजे शेजारच्याचा कोपर लागणार नाही, आणि कात्री डावखुऱ्यांची मिळते ती आणून द्या. देवाचा प्रसाद उजव्या हाताने घ्यायला शिकवायचं असेल तर शिकवा, ते तो शिकेल, पण खडू आणि चमचा त्याच्या मनाने.

प्रश्न: ताई, मी मूळची जळगावची, आमच्या घरात अहिराणी. आता धडगाव तालुक्यात अंगणवाडीत आहे. मुलं पावरी बोलतात, मला ती येत नाही आणि त्यांना मराठी नाही. मी बोलते आणि ती नुसती बघत राहतात. वरचे म्हणतात प्रमाण मराठीतच बोला म्हणजे सवय होईल.

तुझं पत्र वाचून मला खूप जवळचं वाटलं, कारण तू लहान असताना शाळेत जाऊन घरची भाषा बाहेर ठेवली असशील, तुला माहितीय ते कसं असतं.

मूल 'नुसतं बघतं' तेव्हा ते मठ्ठ नसतं, ते ऐकत असतं. पण महिनोन् महिने काहीच कळलं नाही तर मात्र ते ऐकणं सोडून देतं. म्हणून पहिले काही महिने तरी त्यांची भाषा पुढे, तुझी मागे. तुझी मदतनीस ताई बहुधा त्याच पाड्यावरची असेल, तर स्वयंपाक लागला की तिला दहा मिनिटं बाहेर घे आणि गोष्ट तिला सांगू दे, पावरीत, तू बाजूला बसून चित्रं धर. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट, तीच चित्रं, तू मराठीत सांग. गोष्ट माहिती असल्यामुळे मुलं मराठी शब्द पकडतात, कुणी भाषांतर न करता. महिन्यातून दोनदा एखाद्या आजीला किंवा आजोबांना बोलव, बी कसं साठवतात, टोपली कशी विणतात, जे त्यांना येतं ते.

आणि तू मुलांकडून शिक, खरंच वही काढून. एखादी वस्तू उचलायची आणि विचारायचं, 'याला तुम्ही काय म्हणता?' तुझा उच्चार चुकला की ती हसतात, तुला सुधारतात, आणि ज्या मुलाने आठ दिवस तोंड उघडलं नव्हतं तो ताईला शिकवायला पुढे येतो. मी हे मेळघाटात कोरकू मुलांबरोबर केलंय, माझे उच्चार शेवटपर्यंत कच्चेच राहिले पण मुलं बोलायला लागली. मूल पावरीत उत्तर देतं तेव्हा 'मराठीत सांग' म्हणू नकोस, तेच उत्तर तू मराठीत म्हणून पुढे जा. वरच्यांना सांग की २०२० च्या धोरणातच घरच्या भाषेतून शिकवायला सांगितलंय. आणि तुझी अहिराणी पण बोल कधीतरी त्यांच्यासमोर, एक गाणं म्हणून दाखव. ताईचीही घरची भाषा वेगळी आहे हे मुलांना कळलं पाहिजे.

प्रश्न: आमच्या बालवाडीला देणगीतून स्मार्ट टीव्ही मिळाला. बडबडगीतं लावली की मुलं एकदम शांत बसतात. रोज एक तास लावलं तर चालेल का?

एक तास नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की २ ते ४ वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा वेळ दिवसाला १ तासाच्या वर नको, कमी असेल तितकं बरं, आणि हा तास म्हणजे घरचा आणि शाळेचा मिळून. घरी तर फोन असतोच. मग शाळेतलं एक तास म्हणजे सगळाच गेला.

शांत बसतात हे खरं, पण भाषा शांत बसून येत नाही. मी म्हटलं, मग तो म्हणाला, मग मी त्याचं उचलून पुढे म्हटलं, या देवाणघेवाणीतून येते. टीव्ही मुलाच्या चेहऱ्याकडे बघून थांबत नाही. तुम्ही गाणं म्हणताना मधेच थांबता आणि मुलं शेवटचा शब्द ओरडतात ना, ते टीव्हीला जमत नाही. तुमचा आवाज बेसूर असला तरी चालेल. टीव्ही असू दे, कधी समुद्र दाखवा, हत्ती आंघोळ करताना दाखवा, जे गावात बघायला मिळत नाही ते पाच मिनिटं, आणि बंद करून त्याच्यावर बोला, हत्तीसारखं चाला.

प्रश्न: माझा नातू चार वर्षांचा आहे, १ ते १०० घडाघडा म्हणतो. पण काल ७ शेंगदाणे दे म्हटलं तर मूठभर उचलून दिले. काही दोष तर नाही ना? (एक आजोबा, कोल्हापूर)

काही दोष नाही आजोबा, निर्धास्त राहा. म्हणणं आणि मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १ ते १०० त्याच्यासाठी आत्ता एक लांब गाणं आहे. मोजायला तीन गोष्टी कळाव्या लागतात, एका वस्तूला एकच अंक, कुठलीही वस्तू सुटता कामा नये, आणि शेवटी जो अंक म्हटला तेवढ्या सगळ्या मिळून आहेत. ही तिसरी गोष्ट सगळ्यात उशिरा येते. बऱ्याच मुलांना १ ते ७ बरोबर मोजल्यावर 'मग किती आहेत?' विचारलं की ती परत पहिल्यापासून मोजायला लागतात, त्याचं कारण हे.

१०० सोडून द्या, ५ पर्यंत या. पण पक्कं. 'तीन चमचे आण', 'दोन बटाटे दे', 'चार पायऱ्या उतरून थांब'. एक फासा घ्या, पडेल तेवढे चिंचोके उचलायचे, आधी ज्याचे दहा होतील तो जिंकला, तुम्ही पण मनापासून खेळा. फाशावरचे ठिपके न मोजता नुसतं बघून 'चार!' म्हणायला लागला की समजायचं गाडी रुळावर आहे. आणि आपल्या मराठीतले अंक जड आहेत हेही लक्षात घ्या, एकोणतीस, सदतीस, एकोणसाठ, प्रत्येकाचं नाव वेगळं पाठ करावं लागतं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची सोपी पद्धत जोडीला दिली तेव्हा केवढा वाद झाला होता, तुम्हाला आठवत असेल. माझं मत विचाराल तर दोन्ही असावं, पण चार वर्षांच्या मुलाला दोन्हीची घाई नाही.

प्रश्न: रत्नागिरीकडे चार महिने नुसता पाऊस. अंगणात नेता येत नाही, मुलं खोलीत कंटाळतात, किरकिर करतात. पावसाळ्यासाठी काही सांगा ना.

आधी एक सांगते, झिमझिम असेल तर नेता येतं. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, पायात काही नाही, दहा मिनिटं, आणि आत आल्यावर कोरडा टॉवेल. वीज, वारा, वाहतं पाणी असेल तेव्हा अर्थात नाही. गोगलगाय, गांडूळ, शेवाळ, लाजाळू, कोकणातल्या पावसात जेवढं बघायला मिळतं तेवढं कुठल्या पुस्तकात आहे? बघून झालं की हात धुवायचे, आणि दगड-पानं उचलायची ती ताईने आधी पायाने हलवून बघितल्यावर, साप-विंचवाची भीती खरी आहे.

आत असताना, दारात एक सरळ डबा ठेवा, आत पट्टी उभी करून चिकटवा आणि रोज किती पाऊस साठला ते भिंतीवर तेवढ्याच उंचीची कागदाची पट्टी लावून दाखवा. आठवड्याने पट्ट्यांची रांग बघून मुलंच सांगतात की बुधवारी जास्त पडला. पत्र्यावर, कौलावर, छत्रीवर, पानावर पावसाचा आवाज वेगळा येतो, डोळे मिटून ओळखायला सांगा. जमिनीवर दोरी टाकून तिच्यावरून चालणं, गोणपाटाच्या पोत्यात बसून एकमेकांना ओढणं, चादरीचं गुहेसारखं घर, अंगातली रग जिरायला हे रोज हवं, नाहीतर किरकिर होणारच. श्रावणात पोळ्याच्या सुमाराला भिजलेली माती आणून बैल करा, कसेही होऊ देत, चार पाय आणि दोन शिंगं मोजून झाली की झालं, पाय तुटला तर काडी खोचायची.

आणि अळीव पेरा. प्रत्येक मुलाला एक करवंटी, तळाला ओला कापूस किंवा थोडी माती, वर चिमूटभर अळीव. पाणी चमच्याने द्यायचं, दिवसाला दोन चमचे, कारण ओतायला दिलं की मुलं तळं करतात आणि बी कुजतं, म्हणून दोन-तीन करवंट्या तुमच्या जास्तीच्या पेरून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवं डोकं वर येतं. करवंटीवर आधी कोळशाने डोळे-तोंड काढलं असेल तर ते केस वाटतात, आणि मग आठवड्याने ते कात्रीने कापून द्यायला मुलांची रांग लागते.